हाफकिन यांच्या बाटलीतले कण

खानदेशात प्लेगला पिलोक म्हणत. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी यांची या पिलोकावर रचलेली कविता त्यांच्या संग्रहात आहे. शेत, सुगी, घरोटा, खोपा यांच्या बरोबरीने एका साथीलाही त्यांच्या कवितेत जागा मिळावी, यावरून त्या काळात या रोगाने घराघरांत किती खोलवर प्रवेश केला होता, याची कल्पना येते. काखेत वा जांघेत गाठ उठायची, ताप चढायचा आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. मग गाव सोडून शेतात झोपडी घालून राहायचे आणि उंदीर मरायचे थांबले की परतायचे, एवढाच उपाय सामान्य माणसाच्या हाती होता.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले. तेथून तो देशावर पसरला तो प्रामुख्याने माणसांच्या आणि मालाच्या वाहतुकीबरोबर. खानदेश तर कापसाचा मुलूख. जळगाव हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरचे कापसाच्या बाजाराचे ठिकाण, भुसावळ हे नागपूर आणि जबलपूरच्या फाट्यांचे जंक्शन. धुळे मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले, चाळीसगावहून रेल्वेचा फाटा तेथे १९००मध्ये पोहोचला. १९०१च्या जनगणनेत धुळ्याची वस्ती सुमारे २४ हजार आणि जळगावची सुमारे १६ हजार होती. अशा लहान पण सतत मालाची ये-जा असलेल्या गावांत गाठी आणि पोत्यांबरोबर उंदीर येत आणि उंदरांबरोबर पिसवा. रोग पिसवांमार्फत माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८मध्ये मांडले. ते सर्वांना पटायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

या साथीवर सरकारपाशी दोन उपाय होते. एक विलगीकरणाचा, म्हणजे घरे तपासणे, माणसे हलवणे, सामान जाळणे. त्यातील जुलमाने पुण्यात काय घडवले आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दुसरा उपाय एका बाटलीत भरलेला होता. गढूळ दिसणारा, तळाशी साका बसणारा तो द्रव मुंबईत तयार होई आणि इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत जाई. तो तयार करणारा माणूस डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता आणि पुढे ज्या कारणासाठी त्याला पदावरून दूर करण्यात आले, त्यात त्याचा दोष असल्याचे सिद्धही झाले नाही. त्यांचे नाव वाल्देमार मोर्देकाय हाफकिन.

त्या बाटलीतला साका म्हणजे प्लेगचे मेलेले जंतू होते. आजच्या जैव-अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर ते एक ते दोन मायक्रॉन लांबीचे, जैवपदार्थाचे निर्जीव सूक्ष्मकण होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा निर्जीव कण शरीरातील जिवंत पेशीला भेटला की पेशी काय करते, हा प्रश्न आज औषधशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या सीमेवरचा मोठा विषय झाला आहे. हाफकिन यांना तो प्रश्न त्यांच्या विद्यार्थिदशेतच भेटला होता.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६०चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात. आई लहानपणीच गेली. १८७९मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानासाठी नाव घातले. तेथे प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते एली मेचनिकॉफ. झारच्या रशियात तो काळ ज्यूंसाठी वाईट होता. १८८१मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या मोहल्ल्याचे रक्षण करणाऱ्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकॉफ यांच्या रदबदलीने सुटले. पदवीनंतर विद्यापीठात जागा मिळण्याची अट होती धर्मांतराची. ती त्यांनी नाकारली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात नोकरी धरून एकपेशीय जीवांचा अभ्यास सुरू ठेवला.

इकडे मेचनिकॉफ यांनी १८८२मध्ये विद्यापीठ सोडले आणि ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे त्यांनी केलेला प्रयोग साधेपणामुळे आजही वर्गात सांगितला जातो. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे खुपसून ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. बाहेरची वस्तू शरीरात शिरली की काही पेशी तिच्याकडे धाव घेतात आणि जमल्यास तिला गिळतात, हा भक्षकपेशींचा सिद्धान्त येथून उभा राहिला. त्यासाठी मेचनिकॉफ यांना १९०८मध्ये पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. काटा जिवंत नसतो, तो विष सोडत नाही, तरी पेशीला तो कळतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हाफकिन यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज याच गोष्टीत होते.

१८८८मध्ये हाफकिन जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. मेचनिकॉफ तोवर पाश्चर संस्थेत स्थिरावले होते. पण शिष्यासाठी तेथे रिकामी होती ती फक्त ग्रंथालयातील जागा. हाफकिन यांनी ती पत्करली. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा क्रम सुरू झाला. १८९०मध्ये त्यांनी पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात शिरून वाढणाऱ्या जीवाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना होलोस्पोरा हे नाव दिले. पेशीच्या आत, तेही थेट केंद्रकात, परका कण कसा शिरतो आणि तेथे कसा तग धरतो, हे त्यात होते. हा निबंध सामान्य वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण प्राणिशास्त्रज्ञ हाफकिन लशीकडे कोणत्या वाटेने आले, हे तो दाखवतो. ते रोग्याच्या खाटेपासून नव्हे, तर पेशीपासून निघाले होते.

त्यानंतर ते कॉलऱ्याकडे वळले. जंतू गिनीपिगच्या पोटातून पुन:पुन्हा नेऊन त्यांनी त्याची तीव्रता वाढवली, तर ३९ अंश सेल्सिअस तापमानाला हवेच्या झोतात वाढवून दुसरा, मवाळ केलेला वाण तयार केला. आधी मवाळ, मग तीव्र, अशी दोन टोचण्यांची लस झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वत:ला टोचून घेतली. पण प्राण्यांवर आणि स्वत:वर खरी उतरलेली लस माणसांच्या वस्तीत खरी उतरते का, हे पाहायला कॉलऱ्याचे घर गाठणे भाग होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने मार्ग मोकळा झाला आणि मार्च १८९३मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

एका रशियन प्रजाजनाने पॅरिसहून येऊन लोकांना सुया टोचाव्यात, याकडे कोणी विश्वासाने पाहणे शक्यच नव्हते. आग्र्यापासून सुरुवात झाली. १८९४मध्ये कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत त्यांच्यावर दगड आले. तेव्हा सोबतच्या हिंदी डॉक्टरांनी आणि त्यांनी स्वत: सर्वांदेखत सुई टोचून घेतली, आणि बघ्यांतले काही जण पुढे झाले. टोचणी केवळ राजीखुशीने व्हावी, याबद्दल ते आग्रही होते. एकाच वस्तीत, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या माणसांत टोचलेले किती आणि न टोचलेले किती आजारी पडतात, हे शेजारी शेजारी मांडून पाहण्याची त्यांची पद्धत त्या काळात नवी होती. १८९५पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी कॉलऱ्याची लस टोचली आणि मलेरियाने खिळखिळे होऊन ते उपचारासाठी विलायतेला गेले.

१८९६मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. सरकारने त्यांना बोलावले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. साथीत तडफडणाऱ्या एवढ्या मोठ्या शहरासाठी सरकारने उभी केलेली प्रयोगशाळा ती एवढीच.

या खोलीत जे घडले, तो या चरित्रातला सर्वांत रसाळ भाग आहे. जंतू वाढवायला मांसरस हवा. युरोपात तो गोमांसाचा करीत. येथे गाय चालणार नाही आणि डुक्करही चालणार नाही, हे हाफकिन यांनी सुरुवातीलाच ओळखले आणि बोकडाच्या मांसावर आम्लाची प्रक्रिया करून रस तयार केला. दुसरा प्रश्न होता जंतू पुरेसे वाढवण्याचा. प्लेगच्या जंतूला पृष्ठभागाचा आधार आणि हवा मिळाली, तर तो भराभर वाढतो. हाफकिन यांनी रसाच्या चंबूत वरून तुपाचे थेंब सोडले. आपल्या स्वयंपाकघरातलेच तूप! थेंब पृष्ठभागावर तरंगत आणि त्यांच्या खालच्या अंगाला जंतूंची वाढ धरून ती गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी खाली उतरत जाई. काही दिवसांनी चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे पीक धरू लागे. अशी पिके एकामागून एक काढून काही आठवड्यांनी चंबूत जंतूंचा दाट साका जमे. ही लोंबती वाढ प्लेगच्या जंतूची ओळख पटवण्याची खूणही ठरली. मग चंबू सुमारे ६५ अंशांना तासभर तापवायचा, म्हणजे जंतू मरत. त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या.

त्यांनी रस गाळून फक्त साका घेतला नाही, किंवा साका टाकून फक्त रसही घेतला नाही. दोन्ही ठेवले. जंतूंच्या मृत देहांमुळे रोग होण्याची शक्यता कमी होईल आणि रसात उतरलेल्या विषांमुळे झालाच तर मरण टळेल, असे त्यांचे गणित होते. पुढच्या संशोधनाने हे गणित जसेच्या तसे मान्य केले नाही. तरीही कण आणि विद्राव्य पदार्थ यांचे शरीरातील काम वेगवेगळे असू शकते, हा विचार १८९६ साली करणे ही लहान गोष्ट नव्हती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी कॉलेजचे डॉ. सर्व्हेयर यांच्या हातून स्वत:ला लस टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यात आली त्याच्या तिपटी-चौपटीने मोठी, १० घन सेंटिमीटरची ती मात्रा होती. ताप आला, हात सुजला, दुखला आणि ते कामावर राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे राजी होते त्यांना टोचण्यात आले. टोचलेल्या १४७ जणांत दोघांना प्लेग झाला आणि कोणी दगावले नाही. न टोचलेल्या १७२ जणांत बारा आजारी पडले आणि सहा दगावले. आकडे लहान आहेत, पण अन्न, कोठड्या, उंदीर सारे समान असताना आलेले आहेत.

तो सुजलेला हात म्हणजे काय, हे आता नीट सांगता येते. सुईतून आत गेलेले कोट्यवधी मृत जंतू म्हणजे मेचनिकॉफ यांच्या गुलाबाचे अतिसूक्ष्म काटेच. त्यांच्या पृष्ठभागावरील रेणू ओळखून भक्षकपेशी त्यांच्याभोवती जमतात. अशी मॅक्रोफेज पेशी सुमारे वीस मायक्रॉनची असते, म्हणजे एक-दोन मायक्रॉनचा कण तिला एका घासाचा. कणाला पेशीचे आवरण चिकटते, त्याच्याभोवती चढत जाते, मिटते आणि कण पोटात जातो. आत त्याचे तुकडे होतात. १९७३मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी वर्णन केलेल्या शाखायुक्त पेशी असे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तेथील पेशींना ते दाखवतात. त्यातून प्रतिपिंडे आणि स्मृतिपेशी तयार होतात. योगायोग असा, की प्लेगची ती भयंकर गाठ म्हणजेही लसिका ग्रंथीच. जिवंत जंतू ज्या ठाण्यावर हल्ला करतो, त्याच ठाण्याला मेलेला जंतू आधी जाऊन सावध करतो.

हाफकिन यांना आपल्या कणाचा आकार निवडता येत नव्हता, तो जंतूनेच ठरवलेला होता. आज तो निवडता येतो. शस्त्रक्रियेत टाक्यांसाठी वापरतात त्या विरघळणाऱ्या पॉलिमरचे गोल कण करून त्यांत औषध वा लशीचा अंश भरता येतो. कण एक ते तीन मायक्रॉनचा असेल तर भक्षकपेशी त्याला आवडीने गिळतात. दहा-वीस मायक्रॉनच्या पुढे गेला तर तिला तो घास मोठा होतो आणि कण जागीच राहून हळूहळू औषध सोडत बसतो. महिन्यातून एकदाच टोचावे लागणारे प्रोस्टेट कर्करोगावरील ल्युप्रोलाइड हे औषध या दुसऱ्या तत्त्वावर चालते. त्याला अमेरिकेत १९८९मध्ये मान्यता मिळाली. आकारमानाइतकीच आकृतीही महत्त्वाची असते. मुंबईच्या यूडीसीटीत शिकून अमेरिकेत गेलेले समीर मित्रगोत्री यांनी जुली चॅम्पियन यांच्यासह २००६मध्ये एक सुरेख गोष्ट दाखवली. लांबट कणाला मॅक्रोफेज टोकाकडून भिडली तर झटकन गिळते; तोच कण आडवा, सपाट बाजूने भेटला तर त्यावर नुसती पसरून राहते. वस्तुमान तेच, पदार्थ तोच, फरक फक्त भेटीच्या कोनाचा. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी औषधवाहक कणांवर काम होत असते. ज्या खानदेशात बाटलीतला साका संशयाने पाहिला जात होता, तेथेच आता कण घडवले जातात.

संशय मात्र तेव्हा सार्वत्रिक होता. लस म्हणजे धर्म बुडवण्याचा डाव, लस म्हणजेच रोग, अशा वावड्या उठत. आगाखान तिसरे यांनी स्वत: टोचून घेतले, आपल्या खोजा समाजातील हजारो लोकांना प्रवृत्त केले आणि खुशरू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, याचा उपयोग मोठा झाला. खानदेशच्या शेजारी गुजरातेत, बडोद्याजवळच्या उंधेरा गावी फेब्रुवारी १८९८मध्ये आणखी एक पडताळा झाला. प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना टोचायचे आणि निम्म्यांना नाही, अशी ती योजना होती. टोचलेल्या ७१ जणांत आठ आजारी पडले, तिघे गेले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ गेले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्यांतला हा फरक होता. आजच्या नीतिनियमांना अशी वाटणी कितपत मानवेल, ही शंका मनात येते. पण त्या काळी लशीचा गुण कळायला दुसरा मार्गही दिसत नव्हता.

लस पूर्ण रक्षण करीत नव्हती. तिचा प्रभाव काही महिन्यांनी ओसरे, ताप येई, आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे ती तोकडी पडे. हाफकिन यांनी हे लपवले नाही. १८९७मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. गव्हर्नरांच्या मेजवान्यांच्या दालनात आता जंतूंचे चंबू मांडले गेले. सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेक गोऱ्या डॉक्टरांना मात्र वैद्यकाची पदवी नसलेला हा रशियन ज्यू आपल्या वर बसलेला रुचत नव्हता. पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१९०२मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. लाखोंना टोचायचे ठरले आणि परळवर मागणीचा प्रचंड भार आला. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी कृती बदलली. उष्णतेने जंतू मरतातच, तेव्हा कार्बोलिक आम्ल वगळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एका बाटलीतून ज्यांना टोचले, ते १९ही जण काही दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

एकोणीस घरे उद्ध्वस्त झाली, आणि त्याचे उत्तर कोणीतरी देणे भाग होते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४मध्ये ते देश सोडून गेले.

वस्तुस्थिती काय होती? ती बाटली भरून सुमारे सहा आठवडे झाले होते. धनुर्वाताचा जंतू इतका काळ आत वाढत राहिला असता, तर बाटली उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. टोचणाऱ्या डॉक्टरने बाटलीचा वास घेतला होता आणि त्याला तसे काही जाणवले नव्हते. उलट, बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, हे साक्षीत नोंदले गेले होते. गावच्या धुळीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, हे खेड्यातल्या दाईलाही अनुभवाने ठाऊक असते. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची फेरतपासणी केली. ती हाफकिन यांना अनुकूल ठरली. तरी सरकारी कागद पुढे सरकायला वर्षे लागली. जुलै १९०७मध्ये मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्यासह नऊ नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांची बाजू घेतली. प्रश्न पार्लमेंटात गेला आणि अखेर सरकारने त्यांना पुन्हा सेवेत बोलावले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी या प्रकरणाची तुलना तेव्हापासून होत आली आहे.

पण हे दोषमुक्त करणे अर्ध्या मनाचे होते, असे म्हणणे भाग आहे. परळला आता दुसरे संचालक होते. हाफकिन यांना कलकत्त्यात जागा दिली गेली. तेथे माणसांवर लशीचे प्रयोग करण्यास त्यांना परवानगी नव्हती. कॉलऱ्याची पूर्णपणे मृत जंतूंची नवी लस पडताळून पाहायची त्यांची इच्छा होती. ती तशीच राहिली. ज्याने दोन महारोगांच्या लशी प्रथम स्वत:च्या अंगावर घेतल्या, त्याने वयाची शेवटची उमेदीची वर्षे कागदोपत्री अभ्यासात काढली. १९१४-१५च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला परतले. त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा असे मोठे काम केले नाही.

उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माकडे अधिकाधिक वळले. १९१६मध्ये त्यांनी सनातन ज्यू आचाराच्या समर्थनार्थ निबंध लिहिला. तरुणपणी केवळ नोकरीसाठी धर्म सोडायला नकार देणारा हा माणूस म्हातारपणी आचारनिष्ठ झाला, यात फारसे नवल वाटत नाही. लग्न त्यांनी केले नव्हते. १९२८पासून ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहू लागले.

परळची प्रयोगशाळा चालतच राहिली. १८९७पासून १९२५पर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. साहिबसिंग सोखे यांच्या कारकिर्दीत, १९३०-४०च्या दशकांत, कृतीत पुष्कळ सुधारणा झाल्या आणि बोकडाचा रस व तूप इतिहासात जमा झाले. १९२५मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. हे कळवणाऱ्या पत्राला त्यांनी दिलेल्या उत्तरात अन्यायाचा उच्चार नव्हता; आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या कामाने घेतली, एवढे त्यांनी लिहिले आणि संस्थेला शुभेच्छा दिल्या.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. आपली बरीचशी संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतून शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवली होती. त्या मुलांना धर्मशिक्षणाबरोबर विज्ञानही शिकवावे, अशी त्यांची इच्छा होती. भारतीय टपाल खात्याने १९६४मध्ये त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.